शनिवारची हळद आणि झुकलेला स्टड

ठाण्याहून भिवंडीकडे जाणाऱ्या जुन्या रस्त्याच्या अंगाला कशेळी, काल्हेर, पूर्णा, राहनाळ, वळ ही गावं आहेत. एकेकाळी इथे भातशेती होती, आता सगळीकडे पत्र्याची छपरं. मुंबईत माल शिरताना जकात भरावी लागे, म्हणून तो वेशीबाहेर उतरवायचा आणि लागेल तसा आत न्यायचा, अशी व्यापाऱ्यांची रीत पडली. त्यातून भिवंडीभोवती गोदामं उभी राहिली. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि मुंबईची जकात संपली. गोदामं मात्र वाढतच गेली.

ज्या मामा-भाच्याचं बोलणं इथे मांडतोय, ते याच पट्ट्यातले. त्यांना नावं देत नाही. असे मामा-भाचे वळमध्ये कुठल्याही गल्लीत सापडतील. मामा सुतार आहे. पूर्वी दारं-खिडक्या करायचा, आता गोदामांची मोडकी पॅलेट दुरुस्त करतो. भाचा दिवसा गोदामात पार्सलं स्कॅन करतो आणि लग्नसराईत बेंजो पार्टीत इलेक्ट्रिक गिटार वाजवतो. आगरी-कोळी हळदीत बेंजो हवाच. हा बेंजो म्हणजे आपला बुलबुल तरंग, वीज जोडलेला. त्याचं मूळ जपानी 'ताइशोगोतो' या वाद्यात आहे. १९१२ साली नागोयात गोरो मोरिता यांनी ते बनवलं, आणि आज ते आपल्याकडच्या मांडवात दणकतं. त्याच्या शेजारी गिटार उभी राहिली तर नवल कसलं?

त्या गिटारचाच हा वाद.

भाचा : मामा, हे बघ. ब्रिजचे दोन्ही स्टड झुकलेत. जाड तारांकडचा जास्त. आणि शनिवारी हळद आहे.

मामा : झुकलेत कुठल्या बाजूला?

भाचा : नेककडे.

मामा : म्हणजे तारा ओढतात तिकडेच. स्टड वाकलाय की ज्यात बसवलाय ते लाकूड दबलंय?

भाचा : स्टड काढून काचेवर लोळवून बघितला. गडगडत सरळ गेला. वाकलेला असता तर लंगडला असता.

मामा : मग लोखंडाला हात लावायचं कारणच नाही. दुखणं लाकडाचं आहे.

भाचा : ते मलाही कळतंय. म्हणून तर सोपं काम आहे. इन्सर्ट बाहेर काढायचा, भोकात पाण्यासारखा पातळ फेविक्विक सोडायचा, पुढच्या बाजूला विनीरची चकती घालायची आणि इन्सर्ट परत ठोकायचा. एका संध्याकाळचं काम.

मामा : आणि पुढच्या लग्नसराईत पुन्हा माझ्याकडे यायचं.

ज्यांनी अशी गिटार हातात घेतलेली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. तारा बॉडीवर ज्याला अडकवलेल्या असतात तो ब्रिज, आणि तिथून ज्या लांब मानेवर ताणलेल्या असतात ती नेक. या ब्रिजला ट्रेमोलो म्हणतात. त्याला एक दांडा असतो. तो दाबला की सगळ्या तारा एकदम सैल होतात आणि सूर खाली घसरतो, सोडला की जागेवर येतो. त्यासाठी ब्रिज बॉडीला घट्ट आवळून चालत नाही, तो डुलता ठेवावा लागतो. त्याच्या पुढच्या कडेला दोन ठिकाणी सुरीसारखी धार असते आणि त्या धारा दोन जाड स्क्रूंच्या खाचांत टेकलेल्या असतात. हेच ते स्टड. स्टड ज्यात फिरतो ती खरखरीत अंगाची धातूची नळी, म्हणजे इन्सर्ट, लाकडाच्या भोकात ठोकून बसवलेली असते. ब्रिजच्या पोटाखाली एक जड ठोकळा असतो आणि बॉडीच्या मागच्या पोकळीत त्याला तीन ते पाच स्प्रिंगा. वरून तारा ओढतात, खालून स्प्रिंगा ओढतात, आणि या रस्सीखेचीत ब्रिज तरंगतो. काम नाजूक असलं तरी जोर नाजूक नाही.

मामा : जोर किती म्हणतोस?

भाचा : मी दहा नंबरच्या जाडीच्या तारांचा सेट लावतो. सगळ्या सहा तारा सुरात आणल्या की मिळून ४७ किलोच्या आसपास.

मामा : म्हणजे सिमेंटची गोणी. चोवीस तास, दोन खिळ्यांवर.

भाचा : चोवीस तास कशाला? वाजवतो तेव्हाच ना.

मामा : तू वाजवत नसतोस तेव्हा तारा सैल करून ठेवतोस काय?

भाचा : नाही.

मामा : मग चोवीस तास. आणि मागच्या स्प्रिंगा?

भाचा : त्या उलट ओढतात. तारांचा जोर त्या खाऊन टाकतात. म्हणूनच स्टडवर फारसं काही येत नसणार.

इथे भाच्याचा हिशेब चुकला, आणि बऱ्याच गिटारवाल्यांचा इथेच चुकतो. तारा धारेच्या वर साधारण सेंटिमीटरभर उंचीवर आहेत आणि ब्रिजला नेककडे ओढतात. स्प्रिंगा धारेच्या खाली साडेतीन-चार सेंटिमीटरवर आहेत, आणि त्याही ठोकळ्याला नेककडेच ओढतात. ब्रिजला फिरवण्यापुरत्या दोन्ही एकमेकांच्या विरुद्ध आहेत. सरकवायला गेलं तर दोन्ही एका बाजूला. तारा ४७ किलोने ओढत असतील तर लांब दांडीचा फायदा असल्याने स्प्रिंगांना १२ ते १५ किलो पुरतात. पण ते १२-१५ किलो वजा होत नाहीत, वाढतात. दोन स्टडवर मिळून ६० किलोच्या घरात भार येतो, सगळा नेकच्या दिशेने.

मामाला हे आकडे सांगावे लागले नाहीत. त्याने गिटार उलटी केली, मागचं झाकण काढलं, स्प्रिंगांची दिशा पाहिली आणि मान हलवली.

मामा : दोघी एकाच घरच्या. इकडूनही ओढतात, तिकडूनही ओढतात.

भाचा : मग मी ट्रेमोलो ब्लॉकच करून टाकतो. मागच्या पोकळीत लाकडाचा तुकडा ठोकायचा, ब्रिज हलायचा बंद. हळदीच्या गाण्यांना दांडा लागतोच कुठे?

मामा : तुकडा ठोकून खांबावरचा भार कमी झाला का?

भाचा : हलत नाही म्हटल्यावर...

मामा : हलत नाही ते ठीक. तारा ओढायच्या थांबल्या का? आधी ठोकळ्याला स्प्रिंग धरून होती, आता लाकडाचा तुकडा रेटून धरेल. खांबाला काय फरक पडला?

मामाने ही गिटार त्या दिवशी पहिल्यांदाच आतून पाहिली होती, तरी तो बरोबर होता. ब्लॉक केल्याने धारांचं घासणं थांबतं, सूर थोडा टिकतो, एवढंच. काही जण याच्या पुढे जाऊन दोन स्प्रिंगा वाढवतात आणि ब्रिज बॉडीवर दाबून बसवतात. त्याने स्टडवरचा भार वाढतो. दुखण्याच्या जागेवर अजून एक गोणी ठेवण्याचा तो प्रकार.

भाचा : मग बनवणाऱ्याला हे कळलं नव्हतं?

मामा : बनवणारा कोण?

भाचा : लिओ फेंडर. १९५४ साली त्याची स्ट्रॅटोकास्टर आली, हा ट्रेमोलो तिच्यातला. गंमत म्हणजे त्याला गिटार वाजवता येत नव्हती. रेडिओ दुरुस्त करायचा तो, कॅलिफोर्नियातल्या फुलरटनमध्ये.

मामा : म्हणजे आपल्यातलाच. त्याने दोनच खांब दिले होते?

भाचा : नाही. त्याने सहा स्क्रू दिले होते, एका ओळीत, सरळ लाकडात. दोन स्टड पुढे आले. फ्लॉइड रोझ नावाच्या गिटारवाल्याने १९७०च्या दशकात दोन स्टडांवर धारदार ब्रिज बसवला आणि तारा दोन्ही टोकांना कुलूपबंद केल्या. कितीही दांडा दाबा, सूर जागेवर. मग १९८०च्या दशकात जो तो दोन स्टडांकडे वळला, फेंडर कंपनीसुद्धा.

मामा : सहाचे दोन केले. घासणं कमी झालं, सूर सुधारला. पण सहा जणांचं ओझं दोघांवर आलं. त्या दोघांखाली लाकूड कुठलं?

भाचा : बासवुड.

मामाने बॉडीच्या मागच्या पोकळीत, जिथे रंग नव्हता, तिथे नख दाबलं. नखाची खूण उमटली. पुढे तो काही बोलला नाही, आणि मला वाटतं त्या दुपारचं सगळ्यात वजनदार विधान तेच होतं.

बासवुड वाईट नाही. हलकं आहे, कापायला सोपं, रंग छान घेतं, आवाजाला तक्रार नाही. नामांकित कंपन्यांच्या चांगल्या गिटारीही त्याच्या आहेत. पण ते मऊ आहे. त्यातच तारांचा आवाज पकडणाऱ्या हंबकर पिकअपची पोकळी स्टडच्या अगदी पुढ्यात येते. इन्सर्ट आणि पोकळी यांच्यामध्ये काही गिटारींत बोटभरसुद्धा लाकूड उरत नाही. ६० किलोचा जोर त्या भिंतीवर. शिवाय स्टड जेवढा उंच काढलेला, तेवढी दांडी लांब, तेवढा इन्सर्टच्या वरच्या कडेवर ताण अधिक. हळूहळू कड दबते, भोक लांबोळकं होतं, नाहीतर पिकअपच्या दिशेने भेग जाते. मग वरची लक्षणं दिसू लागतात. बाराव्या फ्रेटवरचा सूर चढा लागतो, कारण ब्रिज पुढे सरकलेला असतो. दांडा दाबून सोडला की तारा सुरात परत येत नाहीत. खाच तिरकी झाल्याने धार एका कोपऱ्यावर चढते आणि बोथट होते. वाजवणारा तारांना शिव्या देतो, तारा बदलतो, ट्यूनिंगच्या खुंट्या बदलतो. खरं दुखणं खाली, रंगाच्या आड.

भाचा : सरळ सांगू का मामा? या गिटारीच्या किमतीत एवढा खटाटोप परवडत नाही. लिओ फेंडरनेच नेक चार स्क्रूंनी जोडली, म्हणजे बिघडली तर बदलता यावी. त्याचं तत्त्व तेच, भाग खराब झाला की नवा लावा. नवी बॉडी मागवतो. उद्या-परवा माझ्याच हाताखालून स्कॅन होऊन जाईल.

मामा : येईल ती कशाची असेल?

भाचा : बासवुडचीच. नाहीतर पॉपलर.

मामा : भोक तेवढंच?

भाचा : तेवढंच.

मामा : मग नवी आण. ती पण झुकली की तेव्हा दुरुस्त करू. आज सुरुवात केली काय, तेव्हा केली काय.

भाचा : पण कुठलीही दुरुस्ती कायमची असते का? मिरजेत तंबोऱ्याची जवारी पुन्हापुन्हा काढतातच ना. तार घासून घोडी झिजते, सूर मोकळा लागत नाही, मग कारागीर कानस घेऊन बसतो. कोणी म्हणत नाही की दुरुस्ती वाया गेली. माझा फेविक्विक पण तसाच समज. दोन वर्षांनी परत सोडू.

मामा : घोडी झिजायचीच. तार तिच्यावरून थरथरत जाते, तेच तिचं काम. खांबाचं काम काय? उभं राहायचं.

मिरजेचा दाखला भाच्याने बरा काढला. तिथल्या सतार आणि तंबोऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे भोपळे आणून पिढ्यानपिढ्या वाद्यं बनवणारी घराणी तिथे आहेत, आणि बनवणाऱ्याइतकाच दुरुस्ती करणाऱ्याचा मान आहे. पण मामाचं म्हणणं मला पटतं. तंबोऱ्याची घोडी तबलीवर नुसती टेकलेली असते आणि तारा तिला खाली दाबून धरतात. भार लाकडात सरळ खाली उतरतो. ट्रेमोलोचा भार आडवा आहे. झिजणं वेगळं आणि उखडणं वेगळं.

भाचा : बरं, तुझं म्हणणं काय? मला ठाऊक आहे. भोक मोठं करायचं, सागवानाची खुंटी गोंद लावून ठोकायची, तिच्यात नवं भोक पाडायचं. सगळे तेच सांगतात.

मामा : सगळे सांगतात म्हणून मी करणार नाही. खुंटी उभी असते. तिची नस वर-खाली जाते. तुझा खांब तिला आडवा दाबणार. लाकूड आडवं दाबलं की दबतं. नसेच्या दिशेने दाब, मग बघ.

भाचा : म्हणजे?

मामा : डट्टा आडव्या फळीतून काढायचा. गोल काढ, पण त्याची नस गिटारीच्या नसेला समांतर बसव. नेककडून शेपटीकडे. ज्या दिशेने तारा ओढतात त्या दिशेने नस उभी राहिली पाहिजे.

या एका वाक्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला. गिटार दुरुस्त करणाऱ्यांत खुंटीचा उपाय सर्रास सांगितला जातो, कारण बाजारात तयार खुंट्या मिळतात आणि त्या गोल असतात. नस कुठल्या दिशेला, हे विचारलंच जात नाही. लाकूड नसेच्या दिशेने जेवढा दाब सोसतं तेवढा आडवा सोसत नाही, आणि हा फरक थोडाथोडका नाही. कोरड्या अमेरिकन बासवुडच्या प्रमाण आकड्यांत तो बारापटीच्या आसपास भरतो. उभी खुंटी कठीण लाकडाची असेल तर निभावते. पण आडव्या फळीतला डट्टा तेवढ्याच लाकडात कितीतरी अधिक जोर झेलतो, आणि हवामानाप्रमाणे बॉडी फुगते-आकसते तसा तोही तिच्यासोबत फुगतो-आकसतो. ठाणे-भिवंडीच्या पावसाळ्यात हे महत्त्वाचं आहे.

भाचा : आणि लाकूड सागवान?

मामा : सागवान तेलकट. दाराला उत्तम, गोंदाला नखरे. लावायचंच तर आधी ॲसिटोनने पुसून घ्यावं लागतं. माझ्याकडे दुसरं आहे.

त्याने कोपऱ्यातून एक जाड पट्टी ओढली. एका कोपऱ्यावर 'एचटी' असा शिक्का. अमेरिकेहून यंत्र घेऊन आलेल्या पॅलेटची खालची रनर, ओकची. परदेशातून येणाऱ्या लाकडी पॅलेटमधून कीड येऊ नये म्हणून आंतरराष्ट्रीय नियम आहे. लाकडाच्या गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सियस उष्णता ३० मिनिटं पोचवायची आणि मग हा शिक्का मारायचा. भिवंडीत येणारी बरीचशी पॅलेट मऊ पाइनची असतात. अमेरिकेत मात्र ओकचीही करतात, आणि अशी एखादी आली की मामा ती जाळायला देत नाही. वळमध्ये राहण्याचे काही फायदे आहेत म्हणायचे.

भाचा : लाकूड झालं. आता माझं ऐक. तू हँड ड्रिलने भोक पाडणार असशील तर गिटार मी देत नाही.

मामा : गुण्या लावून पाडेन.

भाचा : गुण्या लावून दार बसतं. इथे दोन स्टडमधलं अंतर केंद्रापासून केंद्रापर्यंत ठरलेलं आहे. फेंडरच्या दोन-स्टडवाल्या ब्रिजला ५६ मिलिमीटर, फ्लॉइड रोझला ७४ च्या थोडं वर. अर्धा मिलिमीटर चुकलं तर एक धार खाचेत बसेल, दुसरी लटकेल. दोन्ही भोकं नटपासून, म्हणजे नेकच्या टोकाच्या पट्टीपासून, सारख्या अंतरावर हवीत, नाहीतर ब्रिज तिरका. आणि बॉडीची जाडी सारी ४४-४५ मिलिमीटर. जास्त खोल गेलास तर मागून उजेड दिसेल.

मामा : बोल, अजून काय?

भाचा : रंग. पॉलिएस्टरचा जाड थर आहे. बिट सरळ लावलास तर टवके उडतील. आधी उलट फिरवून रंग कापायचा, मग सरळ.

मामा : हे मला ठाऊक नव्हतं. लॅमिनेटला करून बघतो.

इथे बाजू पलटली, आणि ती पलटायला हवीच होती. लाकडाचं ज्ञान मामाकडे, पण वाद्याची मोजमापं भाच्याकडे. सुताराला अर्धा मिलिमीटर माफ असतो, ब्रिजला नसतो. तोडगा भिवंडीनेच दिला. या शहरात पॉवरलूम आहेत म्हणून लूमचे सुटे भाग करणारे टर्नर आहेत आणि त्यांच्याकडे लेथ आणि उभं ड्रिल मशीन आहे. मशीनच्या टेबलावर बॉडी पक्की बांधून पाडलेलं भोक काटकोनातच जातं. तोच टर्नर ओकच्या पट्टीतून आडव्या नसेचा डट्टाही कातून देईल, १६ मिलिमीटरचा, म्हणजे १० मिलिमीटरच्या इन्सर्टभोवती चहूबाजूंनी ३ मिलिमीटर कठीण लाकूड राहील. भेग पिकअपच्या पोकळीपर्यंत गेली असेल किंवा मोठं भोक त्या पोकळीत फुटणार असेल, तर गोल डट्ट्याचा हट्ट सोडायचा. चौकोनी खोबण पाडून तेवढा ओकचा ठोकळा बसवायचा. मामाला हे जास्त आवडलं असतं. पटाशीचं काम आहे.

भाचा : गोंद कुठला?

मामा : डट्ट्याला फेविकॉल. लाकडाला लाकूड चिकटवायला त्याच्यापुढे जायची गरज नाही. क्लॅम्प लावून रात्रभर ठेवायचं.

भाचा : आणि इन्सर्टला एराल्डाइट.

मामा : इन्सर्ट घट्ट बसला तर काहीच नको. ढिला असेल तर एराल्डाइट, तेही थोडं. पण मे महिन्यात गिटार टेम्पोत टाकून जातोस ना? पत्र्याखाली बंद टेम्पो तापतो, तेव्हा एराल्डाइट मऊ पडतं.

भाचा : ते मला माहीत आहे. उलट तेच कामाला येतं. जुना इन्सर्ट चिकटलेला असेल तर त्यात सोल्डरिंग आयर्नचं टोक धरायचं. तापला की सुटतो. नाही सुटला तर भोकाच्या तळाशी लोखंडी रॉडचा छोटा तुकडा टाकायचा आणि वरून स्टड आवळत जायचं. स्टड तळाला टेकला की इन्सर्ट आपोआप वर चढतो. ठोकाठोकी नाही, पक्कड नाही.

मामा : हे कोणी शिकवलं?

भाचा : बघून बघून.

मामा : चांगलं शिकलास. मग फेविक्विक कशाला आठवला?

भाचा : कारण शनिवार लांब नाही मामा! टर्नर मोकळा सापडणार, मग क्लॅम्प, मग गोंद सुकणार, मग भोक. पार्टीला काय सांगू, गिटार सुतारशाळेत आहे?

मला विचाराल तर त्या क्षणी भाचा बरोबर होता. सुपारी घेतलेल्या वादकाला शनिवार हा शनिवारच असतो. मामाचा आक्षेप असा की एकदा फेविक्विक ओतला की लाकूड दगड होतं आणि खऱ्या दुरुस्तीची वाट बंद होते. तो मात्र खरा नाही. पातळ गोंद दबलेल्या तंतूंत शिरतो आणि त्यांना तात्पुरतं कडक करतो. असा गोंद ठिसूळ असतो, धक्क्याने तडकतो, म्हणून तो फार दिवस पुरत नाही. पण पुढे १६ मिलिमीटरचं भोक पाडताना ते सगळं गोंद प्यालेलं लाकूड कातरून बाहेरच येणार असतं. वाट बंद होत नाही. बंद होते ती उशीर केल्याने. तडजोडीला हात लावायचाच नाही, एवढा मामाचा हट्ट मला जास्त वाटला.

भाचा : शनिवारपुरता फेविक्विक आणि विनीर. लग्नसराई संपली की तुझा ओक. चालेल?

मामा : चालेल, पण ओझं कमी कर. बारीक तारा नाहीत का?

भाचा : नऊचा सेट आहे. तो ३८-३९ किलोच ओढतो. पण आवाज पातळ लागतो.

मामा : मांडवात, ढोलाच्या शेजारी, कोणाला कळणार आहे?

भाचा : ...बरं. आणि सगळ्या तारा अर्ध्या सुराने उतरवून ई फ्लॅटमध्ये लावतो. ताण अजून अकरा टक्के उतरतो. कीबोर्डवाल्याला बटण दाबून तेवढं खाली यायला सांगतो.

मामा : बेंजोवाला?

भाचा : बेंजोवाला भांडेल.

मामा : त्याला सांग, याच मामाने तुझ्या बेंजोच्या ढिल्या खुंट्या बसवून दिल्यात.

दहाच्या तारांऐवजी नऊच्या आणि वर अर्धा सूर खाली, एवढ्याने ४७ किलोचे ३४-३५ किलो होतात. तारा हलक्या झाल्या की मागच्या स्प्रिंगाही सैल कराव्या लागतात, नाहीतर ब्रिज मागे झुकतो. म्हणजे तिकडचाही भार उतरतो. एक पैसा न घालता स्टडवरचा पाव भार गेला. झुकलेल्या स्टडसाठी उपाय शोधत फिरणाऱ्याने सगळ्यात आधी हे करावं, आणि नेमकं हेच कोणी करत नाही.

तुमच्या घरात, मुलाच्या खोलीत किंवा वाद्यवृंदाच्या पेटीत अशी दोन स्टडांवर तरंगणाऱ्या ब्रिजची गिटार असेल तर आज एकदा बघा. स्टडच्या बाजूला गुण्या किंवा पोस्टकार्डाचा काटकोन धरा. पुढ्यात, पिकअपच्या दिशेने, रंगाला केसासारखी भेग आहे का ते टॉर्च लावून पाहा. दांडा हळूच दाबा आणि स्टडच्या बुडाशी बोट ठेवा. तिथे हालचाल जाणवली तर इन्सर्ट सुटलाय. असं काही दिसलं तर त्याच दिवशी तारा उतरवा आणि दुरुस्ती होईपर्यंत तशाच ठेवा. दुरुस्तीला द्याल तिथे डट्ट्याची नस कुठल्या दिशेने बसवणार, हे विचारा. आणि ब्रिजची उंची कमी-जास्त करायची असेल तर तारा सैल केल्याशिवाय स्टड फिरवू नका.